बाळंतिणीसाठी तीनशे वॅट

पिशोर, ४ जानेवारी १९८८

संकल्प : सुलूच्या बाळंतपणात या घरात धूर होणार नाही. नात आज आठ दिवसांची. भागूबाई सुईण रोज सुलूला तेल लावून, न्हाऊ घालून बाजेवर निजवते आणि बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी सरकवते. धुरानं लेकराचे डोळे लाल होतात. मी विजेची शेगडी करणार. अठ्ठावीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत साहित्य मांडलंय. ओहमचा नियम अकरा सरांच्या तोंडून ऐकलाय, त्यातल्या चौघांना मध्येच आठवण करून दिलीय. गाव मला मास्तर म्हणतं. शिपाई होतो, हे सांगत बसत नाही.

५ जानेवारी, सकाळी ९

शाळेतून व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर आणले. रीतसर मागितले असते तर दिले नसते. जुन्या हीटरची कॉइल पत्र्याच्या ट्रेमध्ये खापरांवर बसवली.
व्होल्टेज १५०. करंट २ अँपिअर.
१५० भागिले २, रेझिस्टन्स ७५ ओहम.
१५० गुणिले २, पॉवर ३०० वॅट.
म्हणजे शंभराचे तीन बल्ब. बाळंतिणीला एवढी ऊब पुरे. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, माझे तांदूळ निवडून होऊ द्या.

८ जानेवारी

चार दिवस रोज नऊला मोजलं. दरवेळी १५०. शास्त्रात याला सिद्ध झालं म्हणतात. उद्या बाजार. भाजी मलाच आणावी लागते, म्हणून उद्या मोजणी नाही.

१० जानेवारी

शेगडी चालू. सुलू म्हणाली, अण्णा, लई बरं वाटतंय. डोळे भरून आले. माझेच.
भागूबाई म्हणे, तारंचा शेक बाळंतिणीला मानवत नाय, आन् घडीघडी हात घालून बघावं लागतं. तिला समजावलं की हात घालायचं काम आता गणित करतं. न्हाऊ घालून झालं की घरी जात जा, असंही सांगितलं. तोंड वाकडं करून गेली.

१२ जानेवारी

कमरोद्दीन लाईनमन आला होता. शेगडी बघून म्हणाला, मास्तर, गव्हाला पाणी चालू हाय, गावभर मोटारी चालतात म्हणून दीडशे दिसतं. बाजारच्या दिवशी सगळे इकडं, मोटारी बंद. लाईट उसळती, बल्ब फटाफट उडतात, देखे नहीं क्या? मी म्हणालो, चार दिवस मोजलंय. त्यानं विचारलं, बाजारच्या दिवशी मोजलं का? सातवी नापास माणूस. चहा विचारला नाही.

१६ जानेवारी, संध्याकाळी

औरंगाबाद. घाटी दवाखाना.
आज बाजार होता. मी मेथी घेत होतो. ही मोरीत नातीला न्हाऊ घालत होती. शेकता शेकता सुलूचा डोळा लागला. गोधडी पेटली. पाठ आणि उजवा हात भाजला. जीप कमरोद्दीननं आणली.
गोधडी जुनी होती. सुलूची झोप लहानपणापासून जड. हिनं एकदा तरी डोकवायला हवं होतं.

१७ जानेवारी, वॉर्डाबाहेर

हिनं सांगितलं की शेगडीला जोडून ठेवलेल्या व्होल्टमीटरचा काटा तिनं पाहिला होता. मोरीत जाताना दोनशे चाळीसवर होता. तो तिथं असला की काय करायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.
केसपेपरच्या पाठीमागे केलं. २४० भागिले ७५, करंट ३.२. २४० गुणिले ३.२, पॉवर ७६८ वॅट. तीनदा केलं. तेवढंच येतंय. माझी पोर सातशे अडुसष्ट वॅटवर निजली होती.
कमरोद्दीन डबा घेऊन आला. सुलू कशी आहे, एवढंच विचारलं. बाजाराचं बोलला असता तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

जबाब घ्यायला हवालदार आले. जळालेली बाई म्हटली की येतातच. सासरचा काही जाच होता का, शेगडी कोणी ठेवली, सगळं विचारलं. सुलू पालथी पडून होती. म्हणाली, गोवऱ्यांची शेगडी होती, मीच सरकवली, झोपेत गोधडी खाली लोंबली. हवालदारांनी मला विचारलं, मास्तर, खरं का? मी हो म्हणालो. सही केली. ते म्हणाले, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या घरी अजून गोवऱ्या?
ते गेल्यावर सुलूजवळ बसलो. सांगायचं होतं की भागाकार बरोबर होता, चुकलं ते दुसरंच. तिनं मान वळवली नाही. हळूच म्हणाली, अण्णा, माझ्या लेकरासाठी काही बनवू नका.
बरं म्हणालो.