टाचा टेकल्या त्या दिवशी

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आज कचेरीतून परतताना एक पोर चवड्यांवर चालताना दिसलं, आई त्याचा दंड धरून होती. मी गाडी थांबवली. गाडीवान विचारतो, "रावसाहेब, काय झालं?" काय सांगू, कपाळ!

मीही तसाच चालायचो. जन्मापासून पाय ताठ, गुडघ्याला गुडघा घासणारा, टाचा अधांतरी. कोलशेतच्या घरामागे तू दोन बांबू आडवे बांधलेस. सकाळी पायांना तेल चोळायचीस, मला बांबूंच्या मध्ये उभं करायचीस आणि समोर बसून म्हणायचीस, "ये रे माझ्या बगळ्या, ये!" सातव्या वर्षी मी बांबू सोडून विहिरीपर्यंत एकटा गेलो. तू पदरात तोंड खुपसून रडलीस, आणि लगेच म्हणालीस, "आता पाणीही तूच आण, मेल्या."

मग ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, टाचेमागची शीर कापली की पाऊल सपाट पडेल. तू तयार नव्हतीस. "चालतोय ना? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." पण शाळेतली पोरं माझी चाल करून दाखवायची. मी दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा कुठे तू हो म्हणालीस.

जखम भरली, टाचा टेकल्या. डॉक्टर खूश, "बघा, झाले की नाही पाय सरळ!" मी उभा राहिलो आणि गुडघ्यांतून कोसळलो. पुन्हा उठवलं, पुन्हा कोसळलो. पाय माझं ऐकतच नव्हते, कधीच ऐकत नव्हते. त्या ताठ शिरांवरच मी कसाबसा तोललेला होतो. हे कळायला फार वर्षं गेली. विहिरीपर्यंत मी पुन्हा कधीच गेलो नाही.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसून बोललीस, "माझंच पाप रे. तू पोटात असताना ग्रहणात मी विळीवर भोपळा चिरला. सासूबाई नको नको म्हणत होत्या. तेच तुझ्या पायांना भोवलं." पुढे दर ग्रहणाला वेध लागल्यापासून सुटेपर्यंत तू एका जागी बसून राहायचीस, पाण्याचा थेंब न घेता. शेवटच्या आजारपणातही बसलीस. मी शेजारी होतो.

अगं, भोपळ्याने काही झालं नाही. होते तेवढे पायही गेले ते माझ्या हट्टाने. एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही, कारण दोष तुझ्याकडे राहिला की मला झोप लागायची. आणि खरं सांगू? तू आज समोर असतीस, तरी हा कागद मी तुझ्या हातात दिला नसता.