ख्रिसमसच्या रेकॉर्डवर मी वारले

पाइन फोर्क, टेनेसी
१२ डिसेंबर

ओनीडाताईस झेल्माचा नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. एरवी हे वाक्य हात आपोआप लिहितो, पण या खेपेला मी ते शपथेवर लिहिते आहे, कारण मी वारल्याचं तुझ्याही कानावर आलं असेल. ते खोटं आहे. तुझा गुडघा कसा आहे? नॅशव्हिलची थंडी बाधत असेल तर लोकरीचा पट्टा बांधत जा. भाऊजींच्या खोकल्यावर मधातून चमचाभर व्हिस्की दे (आपण बाप्टिस्ट, दारूला शिवत नाही, हे मी विसरलेले नाही, औषध म्हणून दे). आता मुद्द्यावर येते, कारण राग फार वेळ दाबून ठेवला की माझं कपाळ ठणकतं.

तुझ्या लाडक्या भाच्याने, म्हणजे आमच्या गार्लंडने, ख्रिसमसच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली आहे. जुलैत, अंगाची लाही होत असताना, त्याचा अचानक फोन आला. (ही मंडळी ख्रिसमसची गाणी भर उन्हाळ्यात गातात, नाहीतर रेकॉर्ड वेळेवर दुकानात पोचायची कशी? स्टुडिओत खोटं झाड उभं करतात आणि अर्ध्या चड्ड्या घालून घुंगरं वाजवतात.) पाऊण वर्षात ज्याने आईची चौकशी केली नव्हती, तो म्हणाला, "आई, सणाचा स्वयंपाक करताना तू काय गुणगुणायचीस गं? तुझे हात आता कसे दिसतात?" मी हुरळले. सगळं सांगितलं, हातावरचे डागसुद्धा सांगितले, आणि रविवारी चर्चमध्ये मिरवले की बघा, माझ्या पोराला माझी आठवण येते. पोरगा माझ्या शवपेटीचं माप घेत होता, हे मला काय माहीत?

गेल्या सोमवारी ते गाणं रेडिओवर लागलं. आधी गार्लंड स्वतः बोलला, आवाज असा ओला की मलाच गहिवरून आलं. म्हणाला, हे गाणं माझ्या आईसाठी, ती आता वरच्या गायकवृंदात गाते. मग गाण्यात मी खोकते, झिजते आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री, बाहेर बर्फ पडत असताना, प्राण सोडते. ताई, पाइन फोर्कला ख्रिसमसला कधी बर्फ पडलाय? चिखल असतो नुसता. गाण्यातले त्याचे वडील बायकापोरांना टाकून रेल्वेने पळून गेलेत. आमचे होबार्ट टपालपेटीपर्यंत जायलासुद्धा मला पाठवतात. आणि रेकॉर्डच्या वेष्टणावर 'आई' म्हणून डोलखुर्चीत जी पांढऱ्या अंबाड्याची म्हातारी बसवली आहे, ती कोण कुठली देव जाणे. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, ट्रक स्वतः चालवते आणि केस महिन्याच्या महिन्याला रंगवते.

आता आपल्या लोकांचं तुला ठाऊकच आहे. कुणी गेल्याचं कळलं की खरंखोटं नंतर, आधी ओव्हन पेटतो. गाणं संपून तास झाला नसेल, तोच शेजारची लावाडा प्रुइट दारात. हातात कोंबडी आणि नूडल्स भाजलेलं मोठं भांडं, वर तळलेला कांदा, आणि चेहरा पार उतरलेला. मी दार उघडलं तर ती माझ्यावरच खेकसली.

"झेल्मा! तू काय करतेयस इथे?"

"मी राहते इथे. तुला काय हवंय?"

"मी होबार्टला भेटायला आले होते," ती म्हणाली, जशी काही मीच मध्ये कडमडले. मी जिवंत असल्याचं तिला पटलं, पण भांडं काही ती परत नेईना. "मयताच्या घरी आणलेलं अन्न माघारी नेत नाहीत गं. आमच्याकडे कुणी गेलं म्हणजे?" म्हणून ठेवून गेली. तिच्यामागून दोन हॅम, भरलेली अंडी, तीन प्रकारचं बटाट्याचं सॅलड. पाद्री ब्रदर एस्टेल तर माझ्यावरचं भाषण लिहूनच आले होते. वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते मला वाचून दाखवलं. (चांगलं आहे. माझ्या तापटपणाला त्यांनी 'धर्माविषयीचा आवेश' म्हटलंय.) होबार्टनी सगळं मिटक्या मारत खाल्लं आणि म्हणाले, "झेल्मा, वर्षातून एकदा मरत जा."

पण खाल्लं की भांडं घासून परत करायचं आणि कुटुंबातर्फे आभाराची चिठ्ठी द्यायची, हा रिवाज. होबार्टना चिठ्ठी लिहिता येत नाही. म्हणजे भांड्यांच्या बुडाला चिकटवलेली नावं वाचवाचून, माझ्या दुःखद निधनप्रसंगी केलेल्या मदतीबद्दल, मीच आभार मानत बसले आहे. लावाडाला लिहिलं, मयताला कांदा आवडला.

मी गार्लंडला फोन केला. तो म्हणाला, "आई, गाणं आहे गं ते. गाण्यात सगळ्यांच्याच आया मरतात." मग त्याच्या मॅनेजरने फोन घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की बाई, सण होईपर्यंत जरा घरातच राहा, वर्तमानपत्रवाल्यांशी बोलू नका, रेकॉर्ड छान चालली आहे. तेव्हापासून फोन तो मॅनेजरच उचलतो.

ताई, मेल्याचा मला राग नाही. आज ना उद्या मरायचंच आहे. पण त्या गाण्यात गार्लंड येतो. आई आजारी आहे कळताच कार्यक्रम अर्ध्यावर टाकतो, रात्रभर गाडी हाकतो, माझा हात हातात घेतो आणि सकाळपर्यंत सोडत नाही. सगळा देश त्यावर रडतो आहे. आणि इथे चार ख्रिसमस झाले, दर वर्षी मी त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घालते आणि दर वर्षी पोस्टाने हॅम येतो, सोबत छापील कार्ड. सहीसुद्धा छापील. ते गाणं मला ऐकवत नाही आणि रेडिओ बंदही करवत नाही. अशा मुलाचं तोंड मला बघायचं नाही. तो दारात आला तरी मी उघडणार नाही, हे त्याला खुशाल कळव.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी (हयात) बहीण,
झेल्मा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य त्याला कळवू नकोस.

ता. क. २. तुझा फोन तो स्वतः घेतो, तुला भितो म्हणून. तर तू एवढं कर. त्याला सांग, आई खरोखरच अंथरुणाला खिळली आहे, ख्रिसमस बघेलसं वाटत नाही. खोटं बोलण्याचं पाप माझ्या माथी. फक्त मेले म्हणू नकोस, मेलेल्या आईकडे तो फुलं पाठवून मोकळा होईल.

ता. क. ३. तो तिथून निघाला की मला लगेच फोन कर. आजारी पडायच्या आधी त्याच्यासाठी नारळाचा केक करून ठेवायचाय.