स्पीकरवरची शाल

९ जानेवारी, शुक्रवार
मिलिंदने, ताईच्या मुलाने, पुण्यात बसून परस्पर ठरवलं. मला न विचारता! हर्सूलच्या दुकानदाराची माणसं आली, दिवाणखान्यात कमरेएवढे दोन स्पीकर आणि एक अँप्लिफायर मांडून गेली. नुसतं ऐकून बघायला. पुढच्या रविवारी परत नेणार. किंमत विचारली तर, "मावशी, ते सोड." म्हणजे अंगावर काटा येईल अशीच असणार.
"आईनं गाणं ऐकायचं सोडलंय, ते बघवत नाही." मला बघवतं का? जन्मभर मुलींना गाणं शिकवलेली बाई. कानात यंत्र आल्यापासून म्हणते, सगळा कालवा वाटतो. माझ्या छोट्या स्पीकरवर लावलं की उठून भाजी निवडायला जाते.

१० जानेवारी, शनिवार
या पडेगाव रस्त्याची धूळ! एका दिवसात काळे स्पीकर पांढरे. जुन्या लोकरी शालीची दोन कव्हरं शिवली, आतून अस्तर, खाली झालर. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, माझ्या छोट्या स्पीकरच्या डब्यालाही पिशवी आहे, मग यांनी काय पाप केलं? पुढूनही झाकले. कंपनीने स्वतःच जाळीचं कापड लावलंय, मग माझ्याच कापडाचं काय वावडं? शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती.

१२ जानेवारी, सोमवार
ताईला बसवून ख्याल लावला. आधी माझ्या डब्यावर, मग या महाराजांवर. काडीचा फरक नाही. उलट डबा बरा.
ताई: "गाणं दुलईतून येतंय." उठली. भाजी.
मिलिंदला फोन करून सुनावलं. श्रीमंतांना लुटायचे धंदे. माझा डबा एकदा बादलीत पडला, तरी बातम्या खणखणीत देतो. "मावशी, असं कसं होईल?" म्हटलं, मला कान आहेत. नंतर वाईट वाटलं. ताईसाठीच धडपडतोय तो.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. गच्च्यांवर पोरांचे डीजे, खिडक्यांची तावदानं थरथरताहेत. शेजारच्या नसीम आपा तिळगूळ घ्यायला आल्या. मुख्याध्यापिका होत्या, अजून तसंच बघतात. आल्या आल्या,
"बाई, स्पीकर को स्वेटर कायकू पिनाए? सर्दी हुई क्या इनको?"
मी म्हटलं, धूळ बसते. "तो मुँह पे रजाई डाल के बात करो मेरे से, देखूँ कितना समझता." ताई हसली. ती हसली याचा राग जास्त आला.
त्यांना खोटं पाडायचं म्हणून दोन्ही कव्हरं काढली. तोच ख्याल लावला.
पाडता आलं नाही.
बाई श्वास घेते, तो ऐकू येतो. तबल्याची मधली शाई कुठे आणि काठाची चाट कुठे, बोट ठेवून सांगावं. आवाज मोठा नाही, स्वच्छ. गाणारी समोर सतरंजीवर बसलीय असं वाटतं. नसीम आपा तिळगूळ हातात धरून तशाच. ताई उठली नाही. जरा वेळाने म्हणाली,
"तानपुरा थोडा उतरलाय. पंचम बघा."
मला काही कळलं नाही. तिला कळलं.

१५ जानेवारी, गुरुवार
डब्यावर अन्याय नको, म्हणून त्याचीही पिशवी काढून ऐकला. त्यानेही चेहरा उघडला, खरंच. बोलणं, बातम्या, एकटा गळा: चोख. गरीब पण प्रामाणिक. पण तबला आणि तानपुरा एकाच पाटावर बसवतो बिचारा. ताईला तिथेच कालवा वाटायचा, कानातल्या यंत्राला उगाच शिव्या घातल्या.
मिलिंदला कव्हरांबद्दल सांगितलं. इतका हसला की फोन ठेवला मी.

१६ जानेवारी, शुक्रवार
ताई सकाळपासून ऐकतेय. दूध उतू गेलं. ओटा मी पुसला.

१७ जानेवारी, शनिवार
संध्याकाळी दुकानदाराचा फोन. "मॅडम, उद्या माणसं पाठवू?"
हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "उद्या आम्ही घरी नाही." चक्क खोटं. त्याने विचारलं, मग कधी? म्हटलं, कळवते.
आतून ताई: "कुठं जायचंय उद्या?"
एरवी तीनदा हाक मारावी लागते!
आत गेले. तिने कपाटावरून तानपुरा काढून घेतला होता, त्यावरच्या गवसणीची नाडी सोडत बसली होती.
"गाठ बसलीय गं. कात्री दे."
शिवणाच्या डब्यात शोधतेय.