चिकटवहीजवळचा पेला

३ डिसेंबर १९५१, अरेग्वा
पोहोचलो एकदाच्या! मिर्ताने सगळा डबा डोक्यावर घेतला होता. पोर तीन महिन्यांची, पण घसा आईवर गेलाय. स्टेशनवर गरम चिपा, चीज घातलेला पाव, खाल्ला आणि शीण पळाला. देओलिंदाबाईंचं, सगळ्यांच्या दोन्यांचं, घर तळ्याच्या चढावर आहे. खोली हवेशीर, विहीर काठोकाठ. काम माझ्या हातचंच. त्यांचा भाऊ लेफ्टनंट आब्दोन चाकोच्या युद्धात वैमानिक होता. त्याची चिकटवही नव्याने बांधायची, मग ती संग्रहालयात जाणार. म्हातारी तोंडाची तिखट आहे. म्हणाल्या, बांधणी माझ्या गुडघ्यांसारखी नको, टिकणारी कर.

४ डिसेंबर
काय देखणा माणूस! वहीतल्या पहिल्याच फोटोत कापडी पंखांच्या विमानाला रेलून हसतोय. पाण्यावाचून अडकलेल्या शिपायांवर तो गोणपाटात गुंडाळलेला बर्फ टाकायचा, असं एका कात्रणात आहे. पुढे त्याचंच विमान काटेरी रानात पडलं आणि तोही तहानेनेच गेला असावा. प्रेत मिळालं नाही, म्हणून आई अडून बसली: माझा मुलगा मेलेला नाही. मेलेल्यासाठी म्हणतात त्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थना झाल्याच नाहीत. तेव्हापासून वहीशेजारी त्याच्यासाठी रोज पाण्याचा पेला ठेवतात.
जुन्या कागदाशेजारी पाणी, सांडलं तर वहीच गेली! दोन्या चर्चमध्ये मिस्सेला गेल्यावर मी पेला उचलला आणि पाणी जास्वंदीला घातलं.

५ डिसेंबर
सकाळी शिजवलेली खळ वाडग्यात सुकून तडकली. माठही कोरडा. मी म्हटलं, उन्हाळा.
पेला जागेवर नाही हे पाहून दोन्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. रागावल्या नाहीत. स्वतः भरून परत ठेवला.

७ डिसेंबर
पेला तसाच भरलेला आहे. इतकी वर्षं संध्याकाळपर्यंत पाणी उतरायचं म्हणे, आता थेंबही उतरत नाही. आमच्या विहिरीत चिखल दिसतोय. कुंपणापलीकडे शेजारीण रामोनाची विहीर मात्र भरलेली.
माझं दूध कमी झालंय. मिर्ता ओढते, मिळत नाही, चिडते. मला भीती वाटते.

८ डिसेंबर
काकुपेच्या माउलीचा सण. पाद्रीबाबा, सगळं गाव पायी तिकडे गेलंय. पाय मुरगळलेली रामोना तेवढी मागे.
दूध आटलं. मिर्ता रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. ओठ फुटलेत. रामोनाकडचं शेळीचं दूध आणलं, ते माझ्या हातातल्या वाटीतच सुकलं. तिच्या घरी जाऊन बसले, तर तिचाही माठ —
दोन्या म्हणाल्या, “पोरी, तहानलेल्यापुढचा पेला काढून घेतलास तू. आता तो पेल्याला ओळखत नाही, तुला ओळखतो.”
म्हणजे मी जिथे, तो तिथे. आणि मिर्ता माझ्या कुशीत.

९ डिसेंबर
मिर्ताला दोन्यांच्या हाती दिलं. रामोनाकडे ठेवा म्हटलं. मी येणार नाही. तिने माझं बोट धरलं होतं, सोडवावं लागलं.
दार लावून वही उघडली. मोठ्याने म्हणाले, “लेफ्टनंट, तुम्ही मेलात. कुणी सांगितलं नाही तुम्हाला. प्यायचंच असेल तर माझ्यापाशी बसा, लेकराला सोडा.”
समोरची खुर्ची करकरली.

दुपार
बसलाय. कातडी टोपी, पापण्यांवर वाळू. पेल्याकडे बघत नाही. माझ्या गळ्याकडे —

जीभ टाळूला चिकटते. हाताची कातडी कागदासारखी —

कुंपणापलीकडून दोन्यांची हाक. मिर्ता वाटीभर दूध प्यायली. लंगोट ओला केला. रडली, खरे अश्रू.
मलाही रडू आलं. डोळ्यांत काही नाही.

दार उघडू नका, दोन्या. तो उठेल —

मिर्ता मोठी झाली की सांगा — शाई सुकतेय, दौत आत्ताच भरली होती — तिला सांगा, आईने तिला टाकलं नव्ह