उन्हाची क्रीम

३ मार्च
ऊन अडवायला घातलेल्या झिंकच्या पुन्हा गुठळ्या. काचेवर थोडी क्रीम पसरून खिडकीला धरली तर साखर सांडल्यासारखे ठिपके. म्हणजे ठिपक्यांच्या मधून ऊन सरळ आत. बॅच बाद. पुढच्या वेळी पावडर आधी तेलात नीट घोटायची, मग मेण. घोटताना तोंडाला मास्क.
नि. ड्युटीवरून आला. "किचनमध्ये मास्क लावून काय शिजवतेस ते सांगून तरी ठेव." नवरा आहे, बोलणारच. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये दिवसभर खोकी मोजतो आणि घरी येऊन माझी भांडी.

६ मार्च
जमली! लोण्यासारखी. काचेवर एक ठिपका नाही.
आता ज्याची कातडी तशी आत भर. सासूबाईंच्या गालांवर वांग, शिवाय कोरडेपणा: ज्येष्ठमधाचा अर्क, कोकमाचं तेल. शबनमला (क्लासमध्ये ती गणित शिकवते, मी केमिस्ट्री) पिंपल्स: तेल कमी, नायसिनामाइड. मनीषाताईला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, कोड आहे. हातांवर, ओठांभोवती. तिच्या डब्यात जास्तीचं काहीच नको. वास नाही, अर्क नाही. झिंक, तेल, मेण, पाणी, टिकण्यापुरतं प्रिझर्व्हेटिव्ह. संपलं.

९ मार्च
शबनम लावून निजामपुऱ्यातून चालत क्लासला आली. "आटे की चक्की से निकली हूँ ऐसा लग रहा है." खरंच तशी दिसत होती. पोरं खाली बघून हसत होती. रंगाची चिमूट घालावी लागणार.
दुपारी ताई नाक्यावरून भाजी विकून आल्यावर तिनेही लावली. तोंडाला, हातांना, सगळीकडे. आरशासमोर बराच वेळ उभी.
"बघ रूपा, आता सगलीच एका रंगाची झाले."
हसली. मीही हसले. नंतर आमटीला फोडणी देताना रडू आलं. का ते...

१३ मार्च
शबनमला चिकट नको, हलकं हवं. म्हणून बाजारातलं कोरफडीचं जेल घातलं. ढवळता ढवळता पाणी. जेल आणि झिंक एका घरात नांदायची नाहीत. आमची भावकी.
सासूबाई: "लिंबू पिल त्यात. वांग जाल."
लिंबू आणि ऊन एकत्र आलं की कातडी उलट काळी पडते, हे मी तीन प्रकारे सांगितलं.
"आमी लावलं, आमी काय मेलो का?"
लिंबू उचलून आमटीत पिळलं.

१८ मार्च
लाल-पिवळा रंग घालून सासूबाईंची आणि शबनमची तयार. ताईला विचारलं, तुझ्यात घालू का, डाग थोडे झाकतील.
"नको. घामानं रंग जाल न् गिऱ्हाईक बघत बसंल."
डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सनस्क्रीन लिहिलं तर घरात कोण वाचणार? मोठ्या अक्षरात लिहिलं: उन्हाची क्रीम. खाली नाव. छान दिसतात डबे. उगाच दोनदा जाऊन पाहिले.

२२ मार्च
शबनम: "पचास है ना?" म्हणजे एसपीएफ.
म्हटलं, माहीत नाही. तिला वाटलं मी लाजतेय.
तपासून घ्यायला एका लॅबला फोन केला. "लायसन?" म्हटलं, घरगुती आहे. "मॅडम, घरगुती नाही घेत." ठेवला.
झिंक किती टक्के घातलं ते माझ्याकडे आहे. ते अंगावर किती ऊन अडवतं हे वजनकाटा सांगत नाही. सगळ्या खटाटोपात एवढीच गोष्ट कामाची आणि तेवढीच मला माहीत नाही.

२७ मार्च
ताईने हातमोजे काढले!
वळ गावातली आमची जमीन गोडाऊनला गेली. उरलेल्या तुकड्यात ती भाजी करते, सकाळी मानकोली नाक्यावर घेऊन बसते, दुपारी उठते. इतकी वर्षं साडीवर भाऊजींचा शर्ट, स्कार्फ, मोजे. डॉक्टरांनी अंग झाकायला सांगितलंय हे खरं. पण मोजे उन्हासाठी नव्हते. हात दिसला की काही बायका सुटे पैसे तिच्या हातून घेत नाहीत. "इथे ठेवा," म्हणतात आणि पाटीकडे बोट.
आज नि.ने ड्युटीवर जाताना पाहिलं. उघड्या हातांनी मेथी बांधून देत होती. "वहिनी एकदम बिनधास्त."
ताईला विचारलं तर म्हणाली, "आता तुजी क्रीम हाय ना. मना कय व्हतंय?"
मला एवढा आनंद झाला की नि.ला न मागता भजी.

२ एप्रिल
ताईचे हात भाजले. डाग लालभडक, मनगटाजवळ फोड. आदल्या दिवशीच दुखत होते, बोलली नाही.
डॉक्टरांनी विचारलं, काय लावता? मी म्हटलं, घरी केलेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मलम, थंड पट्ट्या. "घरच्या क्रीमच्या भरवशावर उन्हात बसू नका. अंग झाका."
रिक्षात ताई मलाच धीर देत होती. हे फार वाईट.

३ एप्रिल
तिच्या डब्यातली काचेवर पसरली. ठिपका नाही. पाणी सुटलेलं नाही. वजनं पुन्हा ताडून पाहिली, बरोबर. मग चूक कुठे?
क्लासला गेले नाही.

५ एप्रिल
सापडली.
पट्टी बदलताना सहज विचारलं, रोज लावायचीस ना?
"म्हंजे? रोज. घरी आले का हात धुवून जाड थापायची."
"घरी आल्यावर? जायच्या आधी नाही?"
"आधी कशाला? उन्हाची क्रीम ना? ऊन लागलं का लावायची. तापाची गोली तू ताप यायच्या आधी खातंस का?"
सासूबाई आतून: "मी पन रातचीच लावते."
तापाची गोळी. खोकल्याचं औषध. उन्हाची क्रीम. त्यांचं काय चुकलं? शब्द माझा, अक्षर माझं. कशी लावायची ते दहादा सांगितलं, कधी लावायची ते सांगायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. बी.एस्सी.
हसू आलं. मग डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

६ एप्रिल
नव्या चिठ्ठ्या: उन्हात जायच्या आधी. मध्ये पुन्हा.
चिकटवताना लक्षात आलं की क्रीम बिघडली नव्हती एवढीच बातमी आहे. ती चालते, ही बातमी नाही. ताईच्या हातांवर ती उन्हात एकदाही नव्हती.
नि.: "म्हणजे तू सुटलीस."
सुटले कुठे? चिठ्ठी वाचून आता ती आणखी भरवशाने बसेल.

१४ एप्रिल
फोड बरे झाले. कातडी नवी, कोवळी. ताई उद्यापासून नाक्यावर जाणार. सरळ सांगून टाकलं.
"ताई, ही किती ऊन थांबवते मला माहीत नाही."
"मंग कुनाला म्हायती?"
"कुणालाच नाही."
ती मेथी निवडू लागली.
"मोजे घाल," मी म्हटलं. "डॉक्टरपण तेच म्हणाले."
"न्हाय. एकदा काढलं ते काढलं. परत घातलं तर त्या बाया बोलतील, बघ, लाजली."
डबा लपवावा असं मनात आलं. लपवला असता तरी ती मोज्यांशिवायच गेली असती. मग निदान लावून जाऊ दे, असं म्हणून मीच तिच्या पिशवीत ठेवला. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

१५ एप्रिल
निघायच्या आधी माझ्यासमोर लावली. बोटांच्या बेचक्यांत मी लावून दिली. नि.ने गाडीवाल्यांची असते तसली मोठी छत्री आणली. नाक्यावर जाऊन स्वतः रोवून आला. मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी.

१८ एप्रिल
क्लास लवकर सुटला म्हणून नाक्यावर उतरले. छत्री आहे. छत्रीखाली मेथी, लाल माठ, ओल्या फडक्यात कोथिंबीर. शेजारी रखरखीत उन्हात ताई, उघड्या हातांनी.
"ताई, छत्री तुझ्यासाठी आहे."
"मना तू क्रीम लावतंस. भाजीला कोन लावंल?"
हात पाहिले. गुलाबी होते. घामाने, माठाच्या रंगाने, की उन्हाने, कळलं नाही. एका बाईने तिच्या हातातून सुटे घेतले, न बघता, फोनवर बोलत. ताईने माझ्याकडे पाहिलं.
मी छत्री तिच्यावर सरकवली. तिने कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. रिक्षात बसून मागे पाहिलं तर छत्री परत भाजीवर.