केरीच्या पायवाटेवर माझी सही नाही

चि. सगुण, रागावले असले तरी आधी आशीर्वाद.

आठवतं, कॉन्व्हेंट सुटलं की आपण काजूंच्या डोंगरावरून केरीच्या समुद्राकडे उतरायचो, आणि तू बोंडू चोखत मागे रेंगाळायचास?

तीच पायवाट तू हॉटेलवाल्याला विकायला निघालास! वर मलाच संमतीचा कागद पाठवतोस, आणि फोनवर म्हणतोस, "बाय, आता थंयसून चलता कोण?" डोक्यावर टोपली घेऊन मासळीवाली गंगा चालते. तुझी बायको रुक्मिणीसुद्धा चालते. त्यांना विचारलंस?

इथे सिडनीत लेक मला रोज समुद्राकाठी, रानातून फिरवते. बंगल्यांच्या कुंपणालगत वाट जाते, तिथून कोणीही जावं. ते बघून बरं वाटतं आणि तुझ्यावरचा राग दुप्पट होतो.

आपल्या वडिलांची जमीन माझ्या सहीशिवाय विकता येत नाही. ती सही मिळणार नाही. पण एवढी घाई कसली? दवाखान्याचं काही लपवत नाहीस ना? खरं लिही.

पार्सलमधलं मलम तुझ्या गुडघ्यांना, शाल रुक्मिणीला, रबरी तळाच्या चपला गंगेला. आणि सोबतचा बिनसहीचा कागद हॉटेलवाल्याला, तुझ्याच हाताने.

तुझी,
शालनबाय