ट्रेमर्सच्या तीन सुपाऱ्या

मी, मधुकर नरहर कवठेकर, वय सत्तावीस, धंदा मास्तरकी, राहणार गावभाग, सांगली, हे सगळं माझ्या हातानं लिहितोय. डोकं जागेवर आहे. कसली नशा केलेली नाही. कुणी धमकावलं नाही, कुणी गोड बोलून लिहायला बसवलेलंही नाही. परवा सोमवारी मिरजेला माझी छाती उघडणार आहेत. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्या तापानं हृदयाची एक झडप खाल्ली. डॉक्टर मला म्हणाले, "काही काळजी करू नका," आणि मग आईला बाजूला घेऊन अर्धा तास बोलत बसले. म्हणून मी वकिलांकडे गेलो.

वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. आणि जे आपलं आहे तेवढंच देता येतं, दुसऱ्याचं देता येत नाही. दुसरी गोष्ट ऐकून माझी झोप उडाली. माझ्याकडे सगळ्यांत मोलाचं जे आहे ते माझं नाहीच.

कलम १. घर भाड्याचं आहे, ते मालकाचं. पोस्टातलं पुस्तक, स्टोव्ह, सायकल आणि वडिलांची पोथ्यांची पेटी माझी आई चारुशीला हिला. आई, सायकल विकून टाक. दारात ठेवलीस तर रोज तिच्याकडे बघत बसशील.

कलम २. माझी इलेक्ट्रिक गिटार. ही मिरजेच्या एका सतारमेकरनं बनवली. आत टेलिफोनच्या रिसिव्हरमधलं चुंबक आहे. त्यानं लाकूड कापलं, तारा चढवल्या आणि शेवटी न सांगता जवारीही काढली, सतारीला काढतात तशी. मी ओरडलो. तो म्हणाला, "आवं, हाताला सवय हाय, त्याला मी काय करू?" म्हणून या गिटारचा प्रत्येक सूर वाजून झाल्यावरही थोडा वेळ खोलीत भणभणत राहतो. ही गिटार कृष्णात माने, मूळ राहणार दहिवडी, तालुका माण, सध्या मुंबई, याला. कृष्णातनं आमच्या 'पेव' या गाण्याची चाल मुंबईच्या ऑर्केस्ट्रात स्वतःची म्हणून वाजवली. त्याचा राग मी आजवर जपून ठेवला होता, आता तो राहू दे. का, ते कलम ६ मध्ये कळेल.

कलम ३. फाटलेला मोठा स्पीकर साताऱ्याच्या त्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांना. सत्तर साली आमचं तिसरं गाणं चालू असताना त्यांनी मेन स्विच ओढला आणि माइकशिवाय ओरडले, "पोरांनो, डबं वाजवायचं असतील तर घरी वाजवा!" स्पीकर त्याच दिवशी फाटला. तो त्यांच्या दारात नुसता ठेवून यावा. चिठ्ठी नको.

कलम ४. आता खरं ते.

आम्ही चौघं होतो. सयाजी पिसाळ ड्रमवर. तो कोयनानगरला वाढला, बाप धरणावर ड्रायव्हर. सदुसष्टच्या डिसेंबरातल्या भूकंपात घराची भिंत पडायच्या आधी फळीवरची भांडी ज्या तालात वाजली, तो ताल सयाजी पुढं जन्मभर शोधत होता. बँडचं नाव त्यावरूनच पडलं, द ट्रेमर्स, म्हणजे हादरे. कृष्णात बेसवर. गायला उमा, कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी गिटारवर. हरिपूरला शालूबाईंचं हळदीचं जुनं गोदाम आम्ही घेतलं होतं. लागूनच एक रिकामं पेव होतं, जमिनीत खोल, पूर्वी हळद साठवायचे तसलं. आम्ही वाजवायचो आणि पेव थोड्या वेळानं तेच परत म्हणायचं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये सयाजी फौजेत भरती झाला. बँड मोडला नाही, थोडे दिवस थांबला, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. पण तालमीला ते रिकामं स्टूल बघवेना. तेव्हा मला वडील आठवले. वडील गावात पूजा सांगायचे. आई माहेरी गेली असली की घरच्या पूजेला ते तिच्या पाटावर एक सुपारी ठेवायचे, अक्षता वाहायचे, आणि ती सुपारीच आई. मी गंमत म्हणून सयाजीच्या स्टुलावर तसंच केलं. मंत्र म्हटला, नाव घेतलं, बोलावलं. उमा हसून म्हणाली, "मधू, सुपारीला काठ्या धरता येतात का रे?"

पूजा संपली की वडील त्या सुपारीवर परत अक्षता टाकून निरोपाचे शब्द म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, "म्हटले नाहीत तर?" ते म्हणाले, "बोलावलेल्याला निरोप द्यायचा असतो. नाही दिला तर तो बसून राहतो."

मला शब्द पाठ होते. मी ते म्हटले नाहीत. विसरलो नव्हतो. मुद्दाम म्हटले नाहीत. सयाजी जाऊ नये असं वाटत होतं.

बहात्तरला पाऊस पडला नाही. कृष्णातच्या घरची मेंढरं गेली आणि तो मुंबईला गेला, दिवसा गिरणीत, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. मी दुसरी सुपारी ठेवली. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात उमाचं साताऱ्याला लग्न झालं. मी जेवायला गेलो, दोन वेळा जिलबी घेतली, दुसऱ्या दिवशी हरिपूरला येऊन तिसरी ठेवली. मधे दोन ड्रमवाले बघितले होते, एक विट्याचा आणि एक कराडचा. दोघंही स्टुलापाशी आले आणि म्हणाले, "इथं कुणीतरी बसलंय की."

कलम ५. त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, गोदामात मी एकटाच गिटार वाजवत टेप करत होतो. स्पूल मागं गुंडाळून ऐकायला लावलं. माझी गिटार होती. तिच्या मागं ड्रम होता. सयाजी चौथ्या आवर्तनाच्या तोंडाला नेहमी केसभर आधी मारायचा, तसाच मारत होता. कृष्णातच्या जाड तारेची घरघर होती. मग उमानं श्वास घेतला. तिचं गाणं नव्हतं, आधी फक्त तो श्वास, ती घ्यायची तसाच, नाकातून, जरा घाईचा. मग ती गायला लागली.

मी दार उघडून उन्हात जाऊन उभा राहिलो. पलीकडे शालूबाई हळकुंडं वाळत घालत होत्या.

"आवं मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी येताय एकटं आन् वाजवताय चौघं. भाडं कुनाकुनाचं घेऊ?"

"तुम्हाला ऐकू येतं?"

"मला कवापासनं येतंय. पोरगी ग्वाड गाती."

मी पळून जायला पाहिजे होतं. मी दुसरं स्पूल चढवलं.

तीन वर्षांत अकरा टेपा झाल्या. पडद्यामागं टेप लावून पुढं मी एकट्यानं गिटार वाजवत औंधच्या यात्रेपासून इस्लामपूरपर्यंत कार्यक्रम केले. बाकीचे कुठं आहेत असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आहेत की, आत बसलेत." लोक हसायचे. आम्ही चौघं असताना कधी इतकं चांगलं वाजलं नव्हतं. सुपाऱ्यांना कीड लागली नाही. सयाजीची कानाला लावली तर आत काहीतरी ठोके देत असायचं.

कलम ६. पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात सयाजी रजेवर आला. पलटणीच्या बँडमध्ये त्याला ड्रमवर घेतलं होतं आणि महिन्याभरात काढलं होतं. परेडलासुद्धा त्याचं पाऊल चुकायचं आणि पाठीवर पोतं घेऊन मैदानाला फेऱ्या माराव्या लागायच्या.

"गड्या, हात हायेत," तो म्हणाला आणि दोन्ही पंजे माझ्यापुढं उघडे धरले. "आत कोन न्हाई."

मी त्याला चहा पाजला. काही सांगितलं नाही.

कृष्णातचं पत्र आलं: ऑर्केस्ट्रातून काढलंय, 'पेव'ची चाल वाजवली ती शेवटची, तीसुद्धा अर्धी आठवली, रागावू नकोस. तेव्हाही मी काही कळवलं नाही.

मग उमा. या वर्षी एप्रिलात मी साताऱ्याला तिच्या मुलीच्या बारशाला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "माहेरची मोठी गाणारी ना आमची उमा? मग म्हण की पाळणा!" सगळ्या बायका थांबल्या. उमानं दोरी हातात घेतली. तोंड उघडलं. श्वासाचासुद्धा आवाज आला नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, कुणीतरी पटकन दुसराच पाळणा सुरू केला. उमा मुलीकडे बघून ओठ हलवत राहिली. मुलगी रडत होती. माझ्या पिशवीत सातव्या नंबरची टेप होती आणि त्या टेपवर उमा तासभर गात होती.

तरीही मी सात महिने घेतले. आईनं हे वाचू नये असं वाटतं, पण वाचावंच लागेल. एकट्यानं वाजवायची मला भीती वाटत होती. एवढंच कारण आहे.

कलम ७. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे जे माझं नाही ते मी मृत्युपत्रानं देऊ शकत नाही, ते जिवंतपणी परत करायला पाहिजे. आज शनिवारी दुपारी मी ते केलं. सयाजी मंगळवारी रजेवर आला होता, तो हजर होता. शालूबाईही होत्या. दोघांना मी सगळं सांगितलं. सयाजी म्हणाला, "म्हंजी त्या मैदानाच्या फेऱ्या तुझ्यापायी मारल्या व्हय रं?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "बरा होऊन ये. मग बघतो तुला."

तिन्ही स्टुलांवर अक्षता टाकल्या, एकेकाचं नाव घेतलं. निरोपाच्या शब्दांत शेवटी 'परत येण्यासाठी' असं म्हणायचं असतं. तेवढं मी गाळलं. नुसतं म्हटलं, जा.

सयाजी दाराशी पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. त्याची उजव्या हाताची बोटं ट्रंकेवर आपटायला लागली. आधी पाऊस सुरू होताना पत्र्यावर थेंब पडतात तशी, मग तालात. चौथ्या आवर्तनाच्या तोंडाला केसभर आधी. त्यानं घाबरून हात उचलला.

"थांबलास का रं?" शालूबाई म्हणाल्या. "वाजीव की."

मला नदीचा घाट उतरवत नाही, दम लागतो. म्हणून सुपाऱ्या रुमालात बांधून सयाजी संगमावर सोडायला गेला आणि मी हे पूर्ण करत बसलोय. आज गोदाम पहिल्यांदाच मोकळं वाटतंय. पेवही गप्प आहे. उमाचं काय झालं ते मला इथून कळणार नाही. कळवायची गरजही नाही. आई, साताऱ्याला गेलीस तर संध्याकाळी तिच्या घरावरून जा. नुसतं ऐक आणि पुढं जा.

अकरा टेपा आईकडे. मी परत लावून बघितलेल्या नाहीत. एक लावून बघ. नुसती गिटार ऐकू आली तर काम झालं असं समज.

कलम ८. मी मेलो तर द ट्रेमर्स हे नाव त्या तिघांचं. त्यांनी वाजवावं, न वाजवावं, दुसऱ्या कुणाला घ्यावं. माझ्या जागी सुपारी ठेवू नये. गमतीनंसुद्धा नाही, प्रेमानं तर नाहीच. जागा रिकामी दिसली तर दिसू द्यावी.

कृष्णातसाठी एक सूचना राहिली: गिटारच्या वरच्या तारा बदलून घे. गुरुवारपासून माझी डाव्या हाताची बोटं त्यांच्यावर बधिर पडतात, सूर लागत नाही. डॉक्टर म्हणतात रक्त कमी जातंय. पण तारांचाही दोष असेल.

सयाजी परत आला, म्हणून इथं थांबतो. वाचून दाखवलं आणि सही केली.

मधुकर नरहर कवठेकर
मुक्काम हरिपूर, जिल्हा सांगली
शनिवार, २० नोव्हेंबर १९७६

साक्षीदार:

१. शालूबाई, गोदामाच्या मालकीण. डाव्या हाताचा अंगठा. यांना या कागदानं काही मिळत नाही. त्या म्हणाल्या, "नगंच मला. माजं गोदाम मोकळं झालं, तेवढं बास."

२. सयाजी ज्ञानू पिसाळ. याला जे मिळालं ते आधीपासून त्याचंच होतं, म्हणून साक्षीदार व्हायला हरकत नाही.

मी सयाजी पिसाळ माझ्या हातानं खाली लिवतो. मधूनं माझ्यासमूर सही केली. तो शुद्धीवर व्हता. आता आत जाऊन पडलाय, म्हून ह्यो कागद माझ्याकडं हाय. तिन्ही सुपाऱ्या मी संगमावर सोडल्या. बुडल्या.

मधू बुधवारी तपासाय मिरजेला गेला, गुरुवारी दुपारच्याला आला. तवर मी गोदामात एकटाच व्हतो. त्याचं स्टूल रिकामं दिसलं. ह्यो परत न्हाई आला तर, म्हून मला लय भ्या वाटलं. आमच्या स्टुलांवर सुपाऱ्या बघितल्या, मधूच्या बापाची रीत मला ठावं हाय, तवाच कळलं व्हतं त्यानं आमचं काय केलंय ते. मग त्याच्या स्टुलावर मी बी एक सुपारी ठिवली; मंतर मला येत न्हाई, नुसतं नाव घेतलं आन् हितं बस म्हनलो. ती चौथी रुमालात न्हवती. मधू यायच्या आत उचलली, तवापासनं ती माझ्या खिशात हाय. घाटावरनं येताना कानाला लावली. तार वाजून झाल्यावर भणभणती तशी भणभणतीया.

कलम ७ खरं हाय. कलम ८ मला मान्य न्हाई. मधू, मिरजेहून उठून ये आन् घिऊन जा.

सयाजी ज्ञानू पिसाळ